एक सीपीयू, सहा खुर्च्या : कोपरखैरण्यातल्या क्लासचे नऊ महिने

कोपरखैरण्यात आमच्या रो-हाउसच्या तळमजल्यावर मी टायपिंग आणि टॅलीचा क्लास घेते. सहा जुने सीपीयू होते, त्यातला एक तरी कायम दुरुस्तीला. गेल्या नोव्हेंबरात ते काढले आणि एकच दणकट मशीन घेतलं : सहा कोअरचा प्रोसेसर, ३२ जीबी रॅम, एसएसडी, त्यावर विंडोज सर्व्हर. टेबलांवर आता मॉनिटर, कीबोर्ड, माउस आणि मॉनिटरच्या पाठीला चिकटवलेला तळहाताएवढा थिन क्लायंट. आम्ही त्याला डबीच म्हणतो. सगळं काम आतल्या मशीनवर होतं, डबी फक्त चित्र आणते आणि दाबलेली कळ पोचवते.

धास्ती होती ती टायपिंगची. मिनिटाला चाळीस शब्दांच्या स्पीडला अक्षर जरा उशिरा उमटलं तरी मुलांचा ताल तुटतो. वायफायवर तसंच व्हायचं. सहाही टेबलांना केबल टाकून घेतली, त्यानंतर एकाही मुलाची तक्रार नाही. व्हिडिओ मात्र अडखळतात. ते मी प्रोजेक्टरवर सगळ्यांना एकदम दाखवते.

खरा फटका मार्चच्या पहिल्या आठवड्यात बसला. सकाळची सातची बॅच, सहाही पडद्यांवर एकच मेसेज : रिमोट डेस्कटॉपचा लायसन्स सर्व्हर उपलब्ध नाही. रिमोट डेस्कटॉप म्हणजे डबीवरून आतल्या मशीनवर काम करू देणारी विंडोजची सोय. एक मुलगी कळांवर बोटं ठेवून माझ्याकडे बघत राहिली, "मॅडम, परीक्षा जवळ आली ना?" सर्व्हरवर अनेकांनी एकाच वेळी बसायचं तर प्रत्येकी वेगळं लायसन्स लागतं, त्याला कॅल म्हणतात. ते न घेता १२० दिवस चालतं, मग दार बंद. सेटअप करून देणाऱ्याने हे सांगितलंच नव्हतं. फोन केल्यावर म्हणाला, साध्या विंडोजवर जुगाड करून देतो. मी नाही म्हटलं. साध्या विंडोजचं लायसन्स एका वेळी एकालाच बसू देतं, आणि मुलांना शिकवायच्या जागी मला चोरीचं काही नको होतं. क्लास चार दिवस बंद राहिला, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

कॅल घेताना एक गोष्ट नीट समजून घ्या. ती माणसागणिक मिळते, तशी डिव्हाइसगणिकही मिळते. माझ्याकडे तीन बॅचची अठरा मुलं, पण डब्या सहाच. म्हणून डिव्हाइसच्या सहा घेतल्या. विंडोज सर्व्हरच्या मूळ कॅल वेगळ्या लागतात, तो खर्चही आधीच धरा.

एप्रिलमध्ये संध्याकाळची बॅच रडतखडत चालायला लागली. टास्क मॅनेजरमध्ये युझर्सचा टॅब उघडला तर बसलेली मुलं सहा आणि नावं चौदा! मुलं लॉग ऑफ न करता डबीचं बटण बंद करून जात होती, आणि सकाळपासूनची त्यांची सेशन्स, म्हणजे सर्व्हरवर उघडी राहिलेली कामं, रॅम अडवून बसली होती. प्रोसेसरचा वेळ विंडोज सर्व्हर सगळ्यांत आपोआप सारखा वाटतो, रॅमचं तसं नाही. तुटलेलं सेशन दहा मिनिटांत बंद होईल अशी पॉलिसी लावली आणि त्याच संध्याकाळी मशीन मोकळं झालं. सेव्ह न केलेलं काम त्यात जातं, म्हणून उठण्याआधी सेव्ह आणि लॉग ऑफ, हे मी रोज सांगते.

मे महिन्यात फरक अंगाला जाणवला. सहा सीपीयूंची धग नाही, घरघर नाही. लाइट गेली तर सर्व्हर, सगळ्या केबली जोडणारा नेटवर्क स्विच आणि डब्या एकाच यूपीएसवर तग धरतात, कारण डबीला मोबाइल चार्जरइतकीच वीज लागते. मॉनिटर विझतात, पण लाइट आली की अर्धवट राहिलेलं पत्र जसंच्या तसं पुढे.

उणी बाजू जुलैत दिसली. सर्व्हरचा एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा, उडाला आणि सहाही टेबलं एकदम बसली. आधी एक बिघडलं तर पाच तरी चालायची. वाशीहून नवा आणून बसवेपर्यंत दुपार झाली.

टायपिंग, टॅली, एक्सेल एवढंच असेल तर मी ही पद्धत बिनधास्त घ्या म्हणेन. व्हिडिओ एडिटिंग किंवा ऑटोकॅड शिकवत असाल तर नको. आता माझ्या कपाटात एक जादा एसएमपीएस आहे, आणि रोज रात्री मुलांच्या फायलींचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर जातो. पुढच्या महिन्यात सातवी डबी लावतेय, तिची कॅल आधी घेऊन.