महाकोल घ्यावा की एकटा सन्निया?

श्रीलंकेहून लाकडी मुखवटा आणायचा म्हटलं की निघालेलं कुणी ना कुणी हे विचारतंच, म्हणून एकदा लिहून टाकतो. अंबलांगोडा म्हणजे तिथलं मुखवट्यांचं गाव; तिथल्या दुकानात शिरलात की आधी नागराक्षस पुढे करतात. फणे काढलेला, देखणा. पण तो कोलम या तिथल्या मुखवटे घालून करायच्या लोकनाट्यातला. रोग उतरवायचा विधी म्हणजे सन्नि यकुम. त्यातलाच मुखवटा हवा असेल तर निवड या दोघांतच: महाकोल, नाहीतर एकटा सन्निया, म्हणजे एकाच रोगाचा यक्ष.

महाकोल हा अठरा रोग-यक्षांचा म्होरक्या. मधे तो स्वतः, जबड्यात माणूस धरलेला, दोन्ही अंगांना नऊ-नऊ चेहरे. त्यात वात, पित्त, श्लेष्म आहेत, म्हणजे आपल्या वैद्यांच्याच ओळखीची मंडळी. भिंत भरून टाकतो, यात वाद नाही. पहिल्या खेपेला मीही तोच आणला.

पावसाळा आला आणि कळलं. अठरा चेहऱ्यांच्या नाकपुड्या, दातांच्या फटी, कानांमागच्या खोबणी, आणि जुलैत प्रत्येकीत पांढरी बुरशी. फडकं आत पोचत नाही. दाताच्या जुन्या ब्रशने घासलं तर पित्ताच्या गालाचा रंगच निघाला. दर वर्षी गणपतीच्या आधी साफसफाई करताना आई विचारते, ‘रोग घालवणारा तो हाच ना रे?’

दुसऱ्या खेपेला कण सन्निया आणला, अंधत्वाचा. नाव ऐकून आपला ‘काणा’ आठवतोच. एकच चेहरा, दोनदा फडकं फिरवलं की झालं. हे मुखवटे ज्यातून कोरतात ते कदुरू झाडाचं लाकूड हलकं, साध्या खिळ्यावर राहतो. आणि तो तोंडावर बसतो! विधीत हे यक्ष एकेक करून येतात, ढोलवाल्याशी चावट सवाल-जबाब करतात, लोक हसतात, आणि शेवटी बुद्धाचा अधिकार मानून यक्ष निघून जातो. हे सगळं एकट्या चेहऱ्यात मला जास्त जाणवतं. महाकोल बघताना तक्ता वाचल्यासारखं होतं. अर्थात हा माझ्या डोळ्यांचा दोषही असेल.

भिंत मोठी, हवा कोरडी आणि पुसणारं माणूस दुसरं असेल तर महाकोल खुशाल घ्या. एकटा घेणार असाल तर दुकानदाराला पाठ दाखवायला सांगा, तोंडावर बसेल की नाही ते तिथेच कळतं. माझ्या मुखवट्याची पाठ खोल कोरलेली आहे, नाकाच्या जागी बोट आत जातं, छिन्नीचे घाव तसेच आहेत. शेजारचा तसाच दिसणारा मागून सपाट होता, आणि किंमत तीच.