टाकीवाला कंप्रेसर आणि ०.३ चा एअरब्रश : उन्हाळा, पावसाळा, हिवाळा वापरून

मी विमानांची छोटी मॉडेल्स एअरब्रशने, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनाएवढ्या ब्रशने, रंगवते. प्रेशर स्थिर नसेल तर कॅमोफ्लाज (विमान लपवणारे रंगांचे पट्टे) जमत नाही, मग एअरब्रश कितीही महागाचा असो. एप्रिलपासून हा सेट मी सांगलीत घरच्या गॅलरीत वापरते आहे. पैसे कुठे घालावेत याबद्दल माझं मत आता पक्कं झालंय : आधी टाकी असलेला कंप्रेसर, मग ब्रश.

सेट साधाच आहे. तेल न लागणारा छोटा पिस्टन कंप्रेसर, त्याला ३ लिटरची टाकी, ३ बारला आपोआप चालू आणि ४ बारला बंद (बार म्हणजे हवेच्या दाबाचं एकक). सोबत ड्युअल अ‍ॅक्शन (ट्रिगर दाबला की हवा, मागे घेतला की रंग) एअरब्रश, सुई ०.३ मिमीची, रंगाचा कप वर. घरपोच दहा हजारांच्या आत बसला. आवाज फार नाही. शेजारच्या खोलीत कुणी झोपलं असेल तर जाग येत नाही.

सगळ्यात जास्त वापर हरिकेन या दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या १/७२ (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढ्या) मॉडेलवर झाला. १९४४ मध्ये इंफाळच्या लढाईत अर्जन सिंग यांच्या क्रमांक १ स्क्वाड्रनकडे हरिकेनच होती. आपल्या हवाई दलाचं विमान म्हणून मी हौसेने तेच निवडलं. रंग ब्रह्मदेश आघाडीचे : वर डार्क अर्थ आणि डार्क ग्रीन, पोटाला मीडियम सी ग्रे. युरोपात ऑगस्ट १९४१ पासून ब्रिटिश लढाऊ विमानांच्या पाठीवरचा मातकट रंग जाऊन ओशन ग्रे आला, पण इकडे खाली जंगल असल्याने मातकट-हिरवी जोडी कायम राहिली. विमानावरच्या हवाई दलाच्या गोल खुणेतला लाल ठिपका मात्र काढला. जपानी विमानांवर लाल वर्तुळ असायचं, आणि घाईगर्दीत आपल्याच माणसांनी आपलंच विमान पाडायची भीती होती.

एअरब्रशची खरी परीक्षा दोन रंगांच्या कडेवर होते. खऱ्या विमानावर ही कड इंचभर मऊ धरली, तरी १/७२ ला ती भरते जेमतेम ०.३५ मिमी. त्याहून रुंद फवारा पडला की कड धुरकट दिसते आणि विमान खेळण्यातलं वाटतं. उलट टेप लावून कड धारदार केली तरी ते खोटंच वाटतं. त्यात हरिकेनची एक खोडी आहे. तिचं मागचं धड कापडाने मढवलेलं, आतल्या लाकडी पट्ट्या कापडाखालून उठून दिसतात. मॉडेलवरही ते उंचवटे कोरलेले असतात. त्यांच्यावर मास्किंग टेप नीट बसत नाही, मधल्या खाचांतून रंग आत शिरतो. म्हणून धडावर मी टेप लावतच नाही. मुक्तहस्त फवारा किंवा ब्लू-टॅकच्या (कणकेसारख्या मऊ, चिकट पुट्टीच्या) वाती, दोनच मार्ग.

माझी पद्धत अशी. आधी फिका रंग, म्हणजे डार्क अर्थ, सगळ्या पाठीवर. तो पुरता वाळला की पाण्यात विरघळणाऱ्या रंगीत पेन्सिलीने हिरव्याची हद्द आखायची. मग हिरवा : एक भाग रंगाला दोन भाग थिनर, दुधासारखा पातळ. प्रेशर १० ते १२ पीएसआय (एक बारपेक्षा कमी), नोझल पृष्ठभागापासून सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरवर. हवा आधी सोडायची, हात चालता करायचा आणि मगच ट्रिगर केसभर मागे घ्यायचा. फवाऱ्याचं तोंड हिरव्या बाजूला किंचित कललेलं हवं, म्हणजे उडणारे कण हिरव्यातच पडतात. पहिल्या फेरीत रेघ जेमतेम दिसते. तीच बरोबर, दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत ती भरते. टाकीची किंमत इथे कळते. टाकी नसलेल्या छोट्या कंप्रेसरवर पिस्टनचा प्रत्येक ठोका इतक्या कमी प्रेशरला रेघेत उमटतो. इथे प्रेशरचा काटा हलत नाही. मध्येच वीज गेली तरी टाकीतली हवा मिनिटभर पुरते, हातातली कड पूर्ण होते.

पंखांवर मला वाती आवडतात. ब्लू-टॅक वळून दोन-तीन मिमी जाडीची वात आखलेल्या रेषेवर ठेवायची आणि फवारा बरोबर काटकोनात मारायचा. वातीच्या गोलाईखाली थोडासाच रंग शिरतो आणि हवी तेवढीच मऊ कड मिळते.

आता आपल्याकडच्या हवेचं. एप्रिल-मे मध्ये अ‍ॅक्रिलिक रंग सुईच्या टोकावरच वाळतो. रिटार्डरचे (रंगाचं वाळणं लांबवणाऱ्या द्रवाचे) दोन थेंब आणि सकाळी लवकरची वेळ, यावर भागतं. पावसाळा जास्त त्रासाचा. दाबलेली हवा गरम असते, नळीत थंड झाली की पाणी सुटतं आणि ब्रश नेमका कडेवर थेंब थुंकतो. सोबत आलेला वॉटर ट्रॅप (हवेतलं पाणी अडवणारी छोटी बाटली) जुलैत कमी पडला. ब्रशच्या मुठीखाली दुसरा छोटा ट्रॅप जोडला, काम संपलं की टाकीच्या तळाचा कॉक उघडून पाणी काढायचं ठरवलं, त्यानंतर थेंब आला नाही. जोडणी १/८ इंची बीएसपी (ब्रिटिश मापाच्या पाइपाच्या) आट्यांची आहे. तसले पितळी जोड सांगलीजवळ कुपवाडला न्यूमॅटिकच्या (हवेच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रांच्या सामानाच्या) दुकानात सहज मिळाले. हिवाळ्यात हवा उत्तम, पण आजूबाजूच्या उसाच्या फडांत पाचट पेटलं की काळी राख थेट गॅलरीत येते. ओल्या रंगावर तिचा एक तुकडा बसला की तो भाग घासून परत रंगवावा लागतो. त्या दिवसांत मी खिडकी लावून, एक्झॉस्ट पंखा आणि तोंडाला मास्क लावून आत काम करते.

ब्रशवर मी तितकी खूश नाही. आतल्या रबरी रिंगा लॅकर थिनरने फुगल्या आणि ट्रिगर जड झाला. टेफ्लॉनच्या रिंगा बसवल्यावर सुधारला. बनवणाऱ्याने त्या आधीच द्यायला हव्या होत्या, दोन-चार रुपयांचा फरक असतो. नोझल बारीक आट्यांचं, चिमुकलं आहे. पान्याने जरा जास्त आवळलं तर तुटेल. सफाई करताना सुई नेहमी पुढून ओढून काढते, म्हणजे रंग मागच्या सीलमध्ये जात नाही. कंप्रेसरबद्दल मात्र एकही तक्रार नाही.

घेणार असाल तर सुई-नोझलचा जास्तीचा जोड त्याच ऑर्डरमध्ये मागवा. माझ्या ब्रशचा नंतर वेगळा मिळायला फार वेळ लागला.