मणक्याच्या संधिवातावर 'मुळापासून इलाज' सांगणाऱ्यांपासून जपा

घरात अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसचा, म्हणजे मणक्याच्या संधिवाताचा रुग्ण असेल तर हे पूर्ण वाचा. माझ्या धाकट्या भावाला म्हापशात एका वैद्य म्हणवणाऱ्याने लुबाडलं. पैसे तर गेलेच, जीवही जाता जाता वाचला.

भाऊ पेडण्यात टॅक्सी चालवतो. ऐन पंचविशीत कंबर धरायला लागली. हे दुखणं विचित्र असतं. पडून राहिलं की वाढतं, चाललं-फिरलं की सैल होतं. पहाटे दुखून जाग येते, सकाळी बराच वेळ अंग आखडलेलं असतं. सुरुवातीला एक्स-रेत बहुधा काही दिसत नाही आणि माणूस बाहेरून धडधाकट, त्यामुळे निदानालाच वर्षं जातात. "या वयात कसली कंबरदुखी?" हे ऐकून ऐकून तो बोलेनासा झाला. गाडी मागे घेताना मान वळेना. मांडी घालून बसवेना म्हणून देवळातल्या भजनात पखवाज वाजवणं सोडलं. चवथीला घर माणसांनी भरलेलं असताना हा खोलीचं दार लावून आत. एकदा म्हणाला, "ताई, जन्मभर हे असंच का गं?"

त्या माणसाने नेमकं हेच हेरलं. शुक्रवारी, बाजाराच्या दिवशी, तो एका लॉजवर खोली घेऊन बसायचा. नाडी जेमतेम बघितली, पण बोलत बसला भरपूर. झोप लागते का, बायको समजून घेते का, जगणं नको वाटतं का, सगळं विचारलं. कुणीतरी एवढं विचारतंय म्हणून भावाला भरून आलं. मग हळूच म्हणाला, "इंग्रजी गोळ्या बंद करा, त्यांनीच मन खचतं. मी मुळापासून बरं करतो." लेबल नसलेल्या डबीत तपकिरी पूड, साडेचार हजार रुपये.

आणि गुण आला! दोन-चार दिवसांत भाऊ हसत फिरायला लागला. आईने देवाला नारळ ठेवला. लगेच त्या वैद्याने 'पूर्ण कोर्स'चे साठ हजार आगाऊ मागितले, तेही दर वेळी वेगळ्या नावाच्या खात्यावर. पावती नाही. वर ताकीद: "कुणाला सांगू नका, शंका घेतली की गुण जातो."

पुढे चेहरा गोल सुजला, रक्तातली साखर वाढली, झोप उडाली. घटकेत रडायचा, घटकेत अंगावर धावायचा. पूड संपली तेव्हा वैद्याचा फोन बंद. मग उलट्या, भोवळ, रक्तदाब खाली. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात नेलं. सकाळच्या रक्तात कॉर्टिसॉल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉइड, अगदी कमी निघालं. डॉक्टर म्हणाले, पुडीत स्टेरॉइड असणार. ते बाहेरून मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं, आणि एकदम तुटलं की जिवावर बेततं. या आजारात हाडं तशीही ठिसूळ होतात, त्यात स्टेरॉइडची भर. खरे उपचार म्हणजे सूज उतरवणाऱ्या गोळ्या, रोजचा व्यायाम आणि त्यावर भागलं नाही तर टीएनएफ हे सूज वाढवणारं प्रथिन रोखणारी इंजेक्शनं. त्यांनी आजार आटोक्यात राहतो. 'मुळापासून' हा शब्द तिथे कुणी काढला नाही.

डॉक्टरांनी त्याला मानसोपचारासाठीही पाठवलं. या रुग्णांत नैराश्य इतरांपेक्षा जास्त आढळतं. सततची वेदना आणि मोडलेली झोप मनाला पोखरतेच. भाऊ मनाने कच्चा होता असं म्हणणाऱ्या नातेवाइकांचा मला अजून राग येतो. ऐकणारं माणूस आधीच मिळालं असतं, तर मन मोकळं करायला त्याला लॉजची खोली शोधावी लागली नसती. टेली-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य बोलता येतं.

संधिवात बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा. डबी, उरलेली पूड, पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट, सगळं जपून ठेवा. आणि अशी पूड कुणी आजही घेत असेल, तर घाबरून एकदम बंद करू नका. डबी घेऊन थेट डॉक्टरांकडे जा, ती कशी कमी करायची ते त्यांनाच ठरवू दे.