जुन्या शक्तिमानचे मंद टेललाइट : सोलापुरात करून घेतलेले काम

वडिलांनी लष्कराच्या लिलावातून घेतलेला शक्तिमान ट्रक आजही मोहोळ आणि सोलापूर यांच्या दरम्यान आमचा चारा आणि पाण्याच्या टाक्या वाहतो. जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर १९५९ पासून जबलपूरला बनू लागलेली ही गाडी इंजिनाने अजून खणखणीत आहे. मात्र तिचे मागचे दिवे इतके मिणमिणते झाले होते की रात्री पुणे महामार्गावर मागून येणाऱ्या वाहनाची मला धास्ती वाटे. लष्करी गाड्यांचे हे दिवे मुळातच लहान असतात, कारण ताफ्यात मागच्या चालकाने पुढच्या गाडीच्या पांढऱ्या रंगवलेल्या डिफरन्शियलवर (मागच्या आसाच्या मधल्या गोल डब्यावर) पडणाऱ्या अंधुक उजेडाच्या आधाराने चालावे, अशी ती व्यवस्था आहे. उसाच्या हंगामातील धुक्यात आणि ट्रॉल्यांच्या गर्दीत ती व्यवस्था कामाची नाही.

प्रथम मी स्वतःच २४ व्होल्टचे पांढरे एलईडी बल्ब आणून जुन्या होल्डरमध्ये बसवले आणि ते पैसे वाया गेले. पांढऱ्या एलईडीच्या प्रकाशात लाल रंगाचा अंश थोडा असल्यामुळे लाल काचेतून फिकट गुलाबी उजेड बाहेर पडत होता, आणि टेललाइट कोणता व ब्रेकलाइट कोणता, हे वीस पावलांवरूनही ओळखता येत नव्हते. लाल काचेमागे लाल एलईडीच हवा, हे मला त्यानंतर कळले.

होटगी रस्त्यावरच्या ज्या ऑटो इलेक्ट्रिक दुकानात मी शेवटी गेलो, तेथील वायरमनकाकांनी नवा दिवा दाखवण्याआधी जुना बल्ब परत बसवून मल्टिमीटर हातात घेतला, आणि एवढ्यानेच माझा त्यांच्यावर विश्वास बसला. ब्रेक दाबला असता बॅटरीवर २४.६ व्होल्ट दिसत होते, तर होल्डरवर केवळ २०.४. साध्या बल्बचे व्होल्टेज दहा टक्के घटले, तर प्रकाश जवळजवळ तीस टक्के घटतो. म्हणजे आमचा २१ वॉटचा ब्रेकलाइट निम्म्याच तेजाने जळत होता. दोष अर्थिंगमध्ये, म्हणजे करंट चासीतून (गाडीच्या लोखंडी सांगाड्यातून) बॅटरीकडे परत नेणाऱ्या जोडणीत होता. दिव्याचे बूड चासीला जेथे टेकते, तेथे रंगाचे थर आणि गंज साचला होता, आणि परतीची वाट न मिळालेला करंट दुसऱ्या फिलामेंटमधून मार्ग काढत असल्यामुळे ब्रेक दाबताच इंडिकेटरही मंद उजळत असे. ही खूण ज्यांच्या गाडीत दिसेल, त्यांनी नवीन दिवा विकत घेण्याआधी अर्थिंग तपासावे, असे मी आग्रहाने सांगेन.

काकांनी ती जागा पॉलिश पेपरने धातू दिसेपर्यंत घासली, दोन्ही दिव्यांपासून चासीपर्यंत स्वतंत्र अर्थची वायर ओढली, जुने सांधे कापून डाख दिला आणि त्यानंतरच १० ते ३० व्होल्टवर चालणारे, रबरी गास्केटचे लाल एलईडी दिवे बसवले. इंजिन चालू असताना चार्जिंगचे व्होल्टेज २८ च्या आसपास जाते, म्हणून ही वरची मर्यादा महत्त्वाची आहे. एलईडी कमी करंट घेत असल्यामुळे जुन्या फ्लॅशरवर (इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या स्विचवर) इंडिकेटर भरभर लुकलुकू लागले. तो बदलून इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर लावावा लागला.

फरक मोठा आहे. साधे फिलामेंट पूर्ण तापायला सेकंदाचा सुमारे पाचवा भाग लागतो, एलईडी तत्क्षणी पेटतो. ताशी ८० किलोमीटरने मागून येणाऱ्या चालकाला त्यामुळे चार मीटरहून थोडे अधिक अंतर मिळते. भर दुपारीही ब्रेकलाइट स्पष्ट दिसतो, आणि उन्हाळ्यातल्या पत्रा पोळणाऱ्या उष्णतेतही दिव्यांनी आजवर तक्रार केलेली नाही.

उणिवा दोन. नव्या दिव्यांचा प्रकाश बाजूने पाहिल्यास कमी भासतो, आणि त्यांना परावर्तक नसल्यामुळे फाळक्यावर लाल परावर्तक पट्टी वेगळी लावून घ्यावी लागली. नंबरप्लेटचा दिवाही स्वतंत्र बसवावा लागला. सर्व मिळून ३,२०० रुपये आणि दोन दिवस लागले. दुकानासमोर मोठा ट्रक उभा करण्यास जागा अपुरी आहे, त्यामुळे सकाळी नऊच्या आत पोहोचणे बरे.