कापलेले रबरी फिन्स, काही महिन्यांनंतर: पातं पास, टाच नापास

नागपूरच्या बर्डी बाजारातून घेतलेल्या, पोहताना पायात घालायच्या लांब पात्याच्या फिन्सना एका उन्हाळ्यातच टोकाशी चीर गेली. दुकानदार म्हणे, "रबराच्या मालाले काय वारंटी राहते का भाऊ?" नवीन जोडी घेणं जिवावर आलं, म्हणून चिरेच्या अलीकडूनच पातं उडवलं. जवळपास एक तृतीयांश गेलं.

कापायचंच असेल तर पुठ्ठ्याचा एकच साचा दोन्हींवर ठेवून रेघ मारा. कटरला साबणाचं पाणी लावत हलक्या हाताने परत परत फिरवा. कोरडं ब्लेड रबरात अडकतं, कड दातेरी होते आणि पुढची चीर तिथूनच निघते. कोपरे गोल करून ओला पॉलिश पेपर मारा. बाजूच्या उभ्या पट्ट्यांना हात लावू नका. पाणी पात्यावरून बाजूला सांडू न देणं हे त्यांचं काम.

फरक पहिल्याच लॅपला कळला. लांब पात्याने गुडघे सायकल मारल्यासारखे वाकायचे. आता किक लहान, भराभर आणि मांडीतून निघते. निव्वळ वेग लांब पात्याचाच जास्त, पण फिन्स काढल्यावर ती मंद लय काय कामाची?

तेव्हा मी सगळ्यांना 'कापाच' म्हणत सुटलो होतो. आता म्हणतो, दमाने घ्या. आखूड पातं कडक होतं, पोटऱ्यांत गोळे येतात. त्यावर उपाय म्हणजे टोकाकडे खालून घासून पातळ करणं. जाडी निम्मी केली की ताठपणा आठवा हिस्साच उरतो, तेव्हा थोडं घासा, पोहून बघा, मगच पुढे.

पण टाच! मागची कड घोट्यामागच्या शिरेवर अशी घासते की पोहणं संपेस्तोवर कातडी लाल. कड तासली, फरक शून्य. सायकलच्या ट्यूबचा तुकडा पंक्चरच्या सोल्युशनने चिकटवला, तर तो तरंगत पुढच्या लेनमध्ये गेला. एका काकांनी खोबरेल तेल सुचवलं. नैसर्गिक रबर तेलाने फुगतं आणि मऊ पडतं, म्हणून ते टाळलं. शेवटी जुने मोजे घालून पोहतो. लाइफगार्ड हसतो, हसू दे. साचा बनवतानाच ती कड गोल करायला कारखान्याला काय धाड भरली होती?

आणि नागपूरच्या मे महिन्यात फिन्स गाडीच्या डिक्कीत ठेवू नका, पातं वाकडं होतं. धुऊन, सावलीत वाळवून, आडवे ठेवा.

नवीन आखूड जोडी दुकानात घालून पाहिली. दाम दुप्पट, टाच तीच.