डर्ट बाईक न्यायची कशी? गाडीमागचा कॅरिअर की भाड्याचा पिकअप

मोटोक्रॉसच्या बाईकचं पासिंग होत नाही. दिवा नाही, इंडिकेटर नाही, नंबरप्लेट नाही. त्यामुळे घरापासून सड्यापर्यंतचा (कातळाच्या पठारापर्यंतचा) चार किलोमीटरचा डांबरी रस्तासुद्धा तिला बंद. पुण्याजवळच्या ट्रॅकवर जायचं तर कुंभार्ली घाट चढून कराडवरून लांबचा पल्ला. कुठेही न्यायची तर कशावर तरी चढवूनच. चिपळूणच्या आसपास आम्ही पाच-सहा जण आहोत आणि नव्याने बाईक घेणारा प्रत्येक जण आधी हेच विचारतो: एसयूव्हीच्या मागे बसतो तो कॅरिअर घेऊ का? व्हिडिओत एकटा माणूस पाच मिनिटांत बाईक चढवून निघताना दिसतो. टेम्पोवाल्याला फोन नको, भाडं नको. मीही त्याच कारणाने घेतला होता.

तीन पावसाळे वापरल्यावर माझं मत ठरलं आहे. 250 किंवा 450 सीसीच्या पूर्ण मापाच्या बाईकसाठी कोकणात कॅरिअर घेऊ नका, पिकअप भाड्याने घ्या. मुलांच्या छोट्या बाईकसाठी मात्र कॅरिअरसारखी सोय नाही. आणि तुमच्याकडे हीरोच्या एक्सपल्ससारखी पासिंगची बाईक असेल तर ती चालवतच न्या. 158 किलोच्या आसपासचं धूड मागे लटकवण्याचा विचारही करू नका.

गडग्यांमधला रस्ता

कॅरिअरवर बाईक आडवी उभी राहते, म्हणजे बाईकची लांबी हीच तुमच्या गाडीची रुंदी होते. कावासाकीची केएक्स 250 सुमारे 2.18 मीटर लांब आहे. थार 1.82 मीटर रुंद, स्कॉर्पिओ-एन 1.92 च्या जवळ. म्हणजे थारच्या प्रत्येक अंगाला 18 सेंटिमीटर चाक बाहेर. आरसेही जवळपास तेवढेच बाहेर असतात, मग अडचण काय, असं मला एकाने विचारलं होतं. अडचण उंचीची आहे. आरसा गडग्याच्या, म्हणजे रस्त्याकडेच्या चिऱ्याच्या कुंपणाच्या, वरून निघून जातो; बाईकचं चाक बरोबर गडग्याच्या उंचीला असतं. शिवाय ते मागच्या चाकांच्याही बरंच मागे असल्यामुळे वळणावर आत न वळता बाहेर फेकलं जातं. पुढून गाडी सुटली म्हणजे मागून सुटेल, हा आपला रोजचा अंदाज इथे चुकतो.

माझं पहिलं नुकसान असंच झालं, तेही घरापासून हाकेच्या अंतरावर. समोरून टेम्पो आला, मी डावीकडे दाबून साईड दिली, आरसा व्यवस्थित सुटला. मग मागून एकदाच खर्र असा आवाज. उतरून बघितलं तर पुढच्या चाकाची डिस्क चिऱ्याला घासून वाकली होती आणि स्पोकमध्ये जांभ्याची लाल भुकटी अडकली होती. गडग्यावर जेमतेम ओरखडा. वाडीत शिरायचे आपले रस्ते हे असे आहेत, आणि बाईक शेवटी वाडीतूनच काढायची असते. महामार्गाची चार पदरी रुंदी बघून हा निर्णय घेता येत नाही.

वजन किती, त्यापेक्षा ते किती मागे

बहुतेक जण विचारतात, माझी गाडी 110 किलो उचलेल का? उचलेल. मागच्या सीटवर दोन माणसं बसतात तेवढंच ते वजन. पण माणसं मागच्या चाकांच्या पुढे बसतात आणि बाईक मागच्या चाकांच्या पलीकडे लटकते.

हिशोब साधा आहे. बाईक 108 किलो, लोखंडी कॅरिअर 27 किलो, मिळून 135. मागच्या एक्सलपासून बाईकचा मध्य अंदाजे 1.4 मीटर मागे. दोन एक्सलमधलं अंतर पावणेतीन मीटर. तरफेच्या नियमाने पुढच्या चाकांवरून साधारण 69 किलो भार उचलला जातो आणि तो मागे जाऊन बसतो. म्हणजे मागच्या चाकांवर 135 नाही, 204 किलो वाढतात. त्यात डिकीत बूट, हेल्मेट, हत्यारं, पेट्रोलचा कॅन, पाणी.

याचे परिणाम चालवताना कळतात. पावसात कुंभार्ली चढताना यू वळणावर स्टिअरिंग हलकं लागतं आणि गाडी वळायच्या ऐवजी थोडी सरळ सरकते. रात्री मागची बाजू बसल्यामुळे दिव्यांचा झोत वर जातो आणि समोरच्याच्या डोळ्यांत घुसतो. दिव्यांची पातळी खाली करायचं बटण असेल तर ते आधी फिरवा. मागच्या टायरमध्ये हवा वाढवावी लागते. ज्या गाड्यांची स्टेपनी मागच्या दारावर असते त्यांत कॅरिअर आणखी मागे न्यावा लागतो, तरफ वाढते आणि बाईक उतरवल्याशिवाय दारही उघडत नाही.

हे सगळं वजन ज्या एका नळीवर येतं ती गाडीला कशी जोडली आहे, यावर सगळं अवलंबून. अमेरिकेत हे कॅरिअर दोन इंची चौकोनी रिसीव्हरमध्ये, म्हणजे गाडीच्या मागे खाली पक्क्या बसवलेल्या नळीत, बसतात आणि तिथे रिसीव्हरचे वर्ग ठरलेले आहेत: तिसऱ्या वर्गाचा रिसीव्हर साधारण 225 किलोंपासून पुढे उभा भार घेतो, पहिल्या वर्गाचा जेमतेम 90. आपल्याकडे बाजारात टो हुक म्हणून जे लावून मिळतं ते कित्येकदा बंपरच्या ब्रॅकेटला चार बोल्टवर टांगलेलं असतं. ते शोभेला ठीक. रिसीव्हर चॅसीच्या दोन्ही लांब्या पट्ट्यांना बोल्टने धरलेला हवा. म्हणजे स्कॉर्पिओ, बोलेरो, थार, गुरखा, फॉर्च्युनर, व्ही-क्रॉस अशा चॅसीवाल्या गाड्याच. क्रेटा, ब्रेझा यांसारख्या मोनोकॉक (वेगळी चॅसी नसलेल्या) गाड्यांचा विषयच सोडून द्या.

माझा रिसीव्हर एका फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतला होता. जाड पाईप, रंग छान, बघायला मजबूत. दुसऱ्या पावसाळ्यात घाट चढून हेळवाकला चहाला थांबलो. थांबलो की बाईक बांधलेल्या पट्ट्यांवरून हात फिरवायची सवय आहे. पट्टे घट्ट होते, पण बाईक हलवली तर कॅरिअरबरोबर रिसीव्हरही हलला. मोबाईलचा टॉर्च लावून खाली आडवा झालो. वेल्डच्या कडेने रंगाला केसाएवढी चीर गेली होती आणि चिरेतून गंजाचं तांबडं पाणी ओघळत होतं. वरून एक टिचभर रेघ, पण निम्मा वेल्ड सुटलेला. खाऱ्या हवेत लोखंड आतून कसं खातं ते मासेमारीच्या गावात राहणाऱ्याला सांगायला नको. बाईक तिथेच एका ओळखीच्या दुकानामागे ठेवली आणि दुसऱ्या दिवशी पिकअप घेऊन आणली. ती चीर घाटात उघडली असती तर मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याचं काय झालं असतं, हा विचार आजही येतो.

तापलेला सायलेन्सर हा आणखी एक प्रश्न. डिझेल गाडीचा धूर बाईकच्या टायरवर थेट येत असेल तर लांबच्या प्रवासात रबर खराब होतं. बीएस-6 डिझेलचा फिल्टर स्वतःला साफ करतो तेव्हा तो धूर आणखी गरम असतो. बाईकचं तोंड दुसऱ्या बाजूला करून बघा, नाहीतर मध्ये पत्रा लावा.

आणि फेरीबोट. दाभोळ-धोपावे किंवा वेसवी-बागमांडले केलं नाही असा आपल्यात कोण आहे? भरतीला गाडी जवळजवळ सपाट चढते. ओहोटीला धक्क्याचा उतार आणि बोटीची फळी यांचा कोन होतो, आणि कॅरिअरचा खालचा पाईप तिथे टेकतो. मला एकदा बाईक उतरवून, ढकलत बोटीवर नेऊन, पलीकडे पुन्हा बांधावी लागली. कॅरिअर असेल तर भरतीची वेळ बघूनच घर सोडा.

पोलिसांनी अडवलं तर

मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत बदल करू देत नाही. 2017 च्या डिसेंबरात केंद्राने बुलगार्डवर (गाडीपुढच्या लोखंडी दांड्यांवर) कारवाई करायला सांगितलं ते याच कलमाखाली. 2019 च्या दुरुस्तीनंतर मालकाला अशा प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. बाजूला, मागे किंवा उंचीत मर्यादेबाहेर माल निघाला तर कलम 194 (1ए) खाली 20,000 रुपये, वर माल उतरवण्याचा खर्च. दोन्ही चाकं गाडीबाहेर काढून फिरणारी बाईक या वर्णनात बसते. शिवाय तिच्यामागे नंबरप्लेट आणि ब्रेकचे दिवे झाकले जातात. मला आजवर दंड झालेला नाही, पण तो भरवशाचा आधार नव्हे. रिसीव्हर बसवण्यापूर्वी विमा कंपनीला लेखी विचारा.

पिकअपचं गणित

पिकअपचा हौदा मापाचा आहे. छोटा हत्तीचा हौदा सव्वासात फुटांच्या आसपास, म्हणजे 250 सीसीची बाईक आत उभी राहते; बोलेरो पिकअपमध्ये आठ फुटांपासून पुढे, दोन बाईक शेजारी-शेजारी राहतात. वजन एक्सलच्या पुढे, रुंदीचा प्रश्न नाही, पासिंग मालवाहतुकीचं, ड्रायव्हर घाटाचा सराईत. बाईकवर दोन तास उड्या मारून हात थरथरत असताना परतीला स्वतः गाडी चालवायची नसते, हा फायदा मला सगळ्यात मोठा वाटतो.

तोटे आहेत. भाडं परतीचं रिकामं अंतर धरून सांगतात, त्यामुळे एकट्याला महाग पडतं. तिघांनी मिळून केलं तर परवडतं. घाटावरून भाजी घेऊन येणारे पिकअप परत जाताना बरेचदा रिकामे असतात. बाजारात ओळख ठेवली तर जाण्याचं भाडं बरंच कमी होतं. एप्रिल-मे मात्र विसरा. तेव्हा प्रत्येक पिकअप आंब्याच्या पेट्या घेऊन वाशीला धावत असतो आणि तुमच्या बाईकसाठी कोणी थांबत नाही. त्या दोन महिन्यांतल्या ट्रॅकच्या तारखा असतील तर मार्चमध्येच बोलून ठेवा.

आदल्या दिवशी पिकअपने काय वाहिलं ते विचारा. मासळी असेल तर हौदा धुतल्याशिवाय बाईक चढवू नका. बर्फाच्या खाऱ्या पाण्याने पत्रा शेवाळासारखा निसरडा होतो, आणि तेच पाणी साखळीवर, डिस्कच्या बोल्टवर उडून दोन दिवसांत गंज आणतं.

चढवायला रॅम्प विकत घ्यायची गरज नाही. घराजवळ शेताचा बांध किंवा चिऱ्याची घडी असेल तिथे पिकअप उलटा लावा. हौदा आणि बांध जवळपास एका पातळीत येतात आणि एक जाड फळी पुरते. बाईक सरळ ढकलत आत जाते. उतरवायची जागाही आधी चालत बघून ठेवा. रत्नागिरी-राजापूरकडच्या सड्यांवर तर हे करायलाच हवं. उक्षी, जांभरुण, कशेळी, बारसू इथली कातळशिल्पं 2022 पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत, आणि नोंद न झालेलीही कुठे निघतील सांगता येत नाही. जांभ्यात कोरलेल्या रेघेवरून दातेरी टायर गेलं की ती रेघ भरून येत नाही.

बाकीचे मार्ग

व्ही-क्रॉस किंवा हायलक्ससारखा स्वतःचा पिकअप घरात असेल तर प्रश्नच मिटला: हौदा पाच फुटांच्या आसपास, त्यामुळे मागचं फळकं उघडं ठेवून बाईक तिरकी बांधावी लागते, मागे लाल फडकं. ट्रेलरला स्वतंत्र पासिंग लागतं, गडग्यांमध्ये तो मागे घेणं हे वेगळं कौशल्य आहे, आणि वर्षातले अकरा महिने तो खळ्यात गंजत उभा राहतो. दोनपेक्षा जास्त बाईक असतील तरच विचार करा. रेल्वेचं पार्सल पासिंगच्या बाईकला उत्तम: टाकी रिकामी, गोणपाटाचं पॅकिंग, आरसीची झेरॉक्स. मोटोक्रॉसच्या बाईकला आरसीच नसते, तेव्हा खरेदीचं बिल घेऊन आधी पार्सल ऑफिसात बोला.

छोटी बाईक आणि कॅरिअर

आता मी कॅरिअर वापरतो तो मुलाच्या केएक्स 65 साठी. तिचं वजन 60 किलो आणि लांबी 1.59 मीटर. म्हणजे ती थारच्या रुंदीच्या आतच राहते, आरशात दिसतही नाही. वरचाच हिशोब लावला तर मागच्या चाकांवर 131 किलो येतात, 204 नाही. नवा रिसीव्हर चॅसीला बोल्टने धरलेला, गॅल्व्हनाईज केलेला. नंबर आणि ब्रेकचे दिवे असलेली वेगळी पट्टी मागे जोडली.

बांधताना चार पट्टे, दोन नाहीत. पुढचे दोन हँडलवरून खाली, फोर्क (पुढचे शॉक ॲब्सॉर्बर) एक तृतीयांश दबेपर्यंत. पुढच्या टायर आणि मडगार्डच्या मध्ये लाकडाचा ठोकळा, म्हणजे खड्ड्यात फोर्क आणखी दबून पट्टा सैल पडत नाही आणि सीलही वाचतं. मागचे दोन बाईक आडवी सरकू नये म्हणून. रॅचेटने पट्टा ताणल्यावर उरलेलं टोक गाठ मारून बांधा, ते सुटून मागच्या चाकात गेलेलं मी पाहिलं आहे. कॅरिअर रिसीव्हरमध्ये अडकवायची पिन 16 मिलिमीटरची, क्लिपसकट, आणि एक जादा पिन डॅशबोर्डच्या कप्प्यात. निघाल्यावर थोडं अंतर गेलं की थांबायचं. आम्ही चिपळूण सोडलं की शिरगावला थांबतो. मुलगा उतरून पट्टे ओढतो, मी खाली वाकून वेल्डवर टॉर्च मारतो, आणि मगच घाटाला लागतो.