गोव्यात आंघोळीचे पाणी: गीझर की हीट पंप?

गीझरची कांडी विजेची उष्णता थेट पाण्याला देते. शंभर लिटर पाणी २५ अंशांवरून ५० वर न्यायला सुमारे २.९ युनिट लागतात. त्यात काटकसरीला वाव नाही.

हीट पंप म्हणजे उलटा एसी. त्याचा कॉम्प्रेसर बाहेरच्या हवेतली उष्णता गॅसमधून टाकीत ढकलतो. आपल्याकडे डिसेंबरातही हवा उबदार, म्हणून तेच काम साधारण एका युनिटात होते. पण सबुरी हवी: तीनशे वॅटचे यंत्र त्याला तीन-साडेतीन तास घेते, तर दोन किलोवॅटचा गीझर २५ लिटर वीस-बावीस मिनिटांत तापवतो.

खरी अडचण खाऱ्या वाऱ्याची. मिरामार-कोलव्याला समुद्राकडे तोंड करून बसवलात तर ॲल्युमिनियमच्या पात्या झिजून पांढरी भुकटी धरतात. यंत्र मागच्या बाजूला, छपराखाली, मोकळ्या हवेत ठेवा. विजेचा मेन स्विच बंद करून महिन्याला गोड्या पाण्याने पात्या धुवा. पाणी गळण्याची नळी उतारावर हवी, पावसाळ्यात ती फार वाहते. पात्यांवर बर्फ दिसला तर थंडीला दोष देऊ नका, बहुधा गॅस कमी झालेला असतो किंवा पात्या तुंबलेल्या.

चार-पाच माणसांच्या घरात हीट पंपच घ्यावा. शनिवार-रविवारी उघडणाऱ्या फ्लॅटला गीझर पुरे.